भेंडी, कॉलर्ड आणि ओली चवळी : अमेरिकेच्या दक्षिणेतल्या भाज्या घरी शिजवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : पुण्याहून जॉर्जियातल्या मेकनला आलात, शेजारच्या आजी दर आठवड्याला बागेतली पिशवीभर भेंडी, पिवळे वाकड्या मानेचे स्क्वॉश (भोपळ्याच्या कुळातली फळभाजी) आणि सोललेले ‘फील्ड पीज’, म्हणजे ओली चवळी, देतात. तुम्ही दुकानातून कॉलर्ड ग्रीन्स, म्हणजे कोबीच्या कुळातला जाड पानांचा पालाही आणून पाहिला. भेंडीचा चिकट गोळा झाला, कॉलर्ड चामड्यासारखा लागला. घरात मांस शिजत नाही, पण इथली माणसं या भाज्या इतक्या प्रेमाने खातात तर त्यांच्या पद्धतीने एकदा खाऊन बघायच्या आहेत. मी अटलांटाच्या बाजूला मराठी जेवणाचे डबे करते आणि त्याआधी बरीच वर्षं इथल्याच एका चर्चच्या स्वयंपाकघरात वयस्कर कृष्णवर्णीय बायकांच्या हाताखाली शिजवलं आहे. त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. सविस्तर लिहिते.

मला वाटतं अडचण मसाल्याची नाही, आचेची आहे. आपण बहुतेक पालेभाज्या आणि फळभाज्या मध्यम आचेवर फोडणी देऊन दहा-पंधरा मिनिटांत उतरवतो. जॉर्जियातल्या भाज्यांना ही मधली वाट मानवत नाही. भेंडीला एक तर कोरडी, कडक आच हवी, किंवा भरपूर वेळ. कॉलर्डला पाणी आणि वेळ दोन्ही हवं. हे एकदा ठरवून टाकलंत की बाकीचं आपल्या हाताला येतंच.

पुण्यात हीच भेंडी नीट होत होती, मग इथे का बिघडते? पुण्यात तुम्ही पाव किलो भेंडी रुंद कढईत, गॅसच्या मोठ्या आचेवर करत होता. इथे पिशवीत किलोभर भेंडी असते, ती सगळी एका नॉनस्टिक पॅनमध्ये जाते, आणि शेगडी विजेची असेल तर भाजी पडताच थंडावलेलं भांडं पुन्हा तापायला वेळ लागतो. भेंडी परतली न जाता स्वतःच्याच वाफेत शिजते. तिचा चिकटपणा म्हणजे लांब साखळीच्या शर्करा, ज्या पाण्यात विरघळतात. चिरल्यावर त्या बाहेर येतात, वाफेचं पाणी मिळालं की फुगतात आणि तार धरतात. म्हणून धुतल्यावर भेंडी फडक्याने पुसून चिरायच्या आधी तासभर पसरून ठेवा, एका वेळी पॅनमध्ये एकच थर टाका, झाकण ठेवू नका आणि मीठ शेवटी घाला. मीठ आधी पडलं की भेंडी पाणी सोडते.

भेंडी कुठली आहे यावरही बरंच अवलंबून असतं. इथल्या बागांमध्ये क्लेमसन स्पाइनलेस ही जात सगळीकडे दिसते. दक्षिण कॅरोलिनातल्या क्लेमसनमध्ये ती तयार झाली आणि १९३९ साली तिला नव्या वाणांची चाचणी घेणाऱ्या ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या संस्थेचा मान मिळाला. चांगली जात आहे, पण जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात शेंग दोन दिवसांत बोटाएवढीची वीतभर होते आणि आत दोरे धरतात. त्या शेंगेला कुठलीच युक्ती लागू पडत नाही. आजींना सांगून तीन-चार इंचांच्या आतल्या शेंगा मागा. शेंडा मोडून बघायची आपली सवय इथेही उपयोगाची आहे : कट्‌ आवाज करून तुटला तर घ्या, लवून वाकला तर ती शेंग बियाण्यासाठी ठेवा. लाल भेंडी मिळाली तर रंगावर भुलू नका, शिजल्यावर ती हिरवीच होते.

आता इथल्या पद्धती. सगळ्यात आधी तळलेली भेंडी करून बघा, कारण तिच्यात चिकटपणाच कामाला येतो. भेंडीचे अर्ध्या इंचाचे गोल काप करा, त्यावर दोन-तीन चमचे बटरमिल्क घालून हाताने कालवा आणि दहा मिनिटं तसेच राहू द्या. इथलं दुकानातलं बटरमिल्क घट्ट, आंबवलेलं असतं. आपलं ताक वापरायचं तर ते घट्ट आणि आंबट असू द्या. काप बुळबुळीत झाले म्हणजे पीठ चिकटायला तयार झाले, अंड्याची गरज नाही. एका वाटीभर मक्याच्या रवाळ पिठात दोन चमचे मैदा, मीठ, मिरपूड आणि थोडं लाल तिखट मिसळा. काप त्यात घोळवून चाळणीत झटकून घ्या, नाहीतर सुटं पीठ तेलात जळतं आणि दुसऱ्या घाण्याला कडवट वास येतो. बिडाच्या जाड पॅनमध्ये अर्धा इंच तेल १७५ ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून काप एका थरात सोडा आणि चार-पाच मिनिटं हलवत सोनेरी करा. कागदावर काढू नका, खालून वाफ धरून मऊ पडतात. जाळीवर काढा आणि गरम असतानाच मीठ भुरभुरा. दुकानात मक्याचं पीठ घेताना पाकिटावर ‘सेल्फ-रायझिंग’ लिहिलं आहे का ते बघा. त्यात फुगवणारी पावडर आणि मीठ आधीच असतं, तेव्हा वेगळं मीठ कमी करा.

तळण नको असेल तर भेंडी चिरूच नका. देठाची टोपी तेवढी वरवर तासा, शेंगेचं पोट उघडं पडू देऊ नका, थोडं तेल चोळा आणि २२० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा-वीस मिनिटं भाजा. कापच नाही म्हटल्यावर बाहेर यायला चिकटपणा नाही. वर लिंबू आणि मीठ. मला स्वतःला ही सगळ्यात जास्त आवडते, आणि डब्यात दिली तर मुलंही संपवतात.

दुसरी पद्धत टोमॅटोतली भेंडी. आपण भेंडीत आमसूल, चिंच किंवा दही घालतो त्यामागे जे कारण, तेच इथे टोमॅटोमागे : आंबटाने तार कमी होते. फक्त क्रम सांभाळायचा. आधी भेंडीचे इंचभर तुकडे कोरड्या, तापलेल्या पॅनमध्ये तेलावर परता. सुरुवातीला उलथन्याला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतील. घाबरू नका, परतत राहा. सात-आठ मिनिटांनी धागे सुकतात आणि कडा तपकिरी होतात. मग ती बाजूला काढून त्याच भांड्यात कांदा, लसूण, चिरलेले पिकलेले टोमॅटो आणि चिमूटभर साखर शिजवा, भेंडी परत घाला आणि दहा-पंधरा मिनिटं मंद ठेवा. ताज्या कणसाचे दाणे घातले तर गोडवा येतो. भातावर वाढतात. इथे एक सूचना : टोमॅटोची भाजी बिडाच्या किंवा लोखंडी भांड्यात करू नका. आंबट लोखंडाशी लागलं की भेंडी काळी पडते. अपाय काही नाही, पण रंग आणि चव दोन्ही उतरते. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या.

लुइझियानात याहून वेगळी तऱ्हा आहे. तिथे दोन-तीन किलो भेंडी चिरून, तेलात, अगदी मंद आचेवर, कांदा-टोमॅटो किंवा चमचाभर व्हिनेगर घालून तास-दीड तास मुरवतात. मधून मधून ढवळायचं, खाली लागू द्यायचं नाही. इतका वेळ शिजल्यावर त्या लांब साखळ्या तुटतात आणि तार आपोआप जाते. उरतो एक गडद, दाटसर लगदा, ज्याला स्वतःचा गोडवा असतो. दिसायला फार देखणा नाही, पण आजींची पिशवी एकदम संपवायची असेल तर याच्यासारखा उपाय नाही. डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका, थंडीत गम्बोला, म्हणजे तिथल्या भातावर घ्यायच्या दाट रश्शाला, तयार.

गम्बोबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण भेंडीचा विषय त्याशिवाय पुरा होत नाही. भेंडी अमेरिकेत आली ती गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर. या दक्षिणेतलं भेंडी-चवळीचं स्वयंपाकघर त्या माणसांनी उभं केलं, मालकांच्या घरात आणि स्वतःच्या झोपडीत दोन्हीकडे रांधून. गम्बो हे त्यांच्या हातचं मोठं काम आहे. तिथे भेंडीची तार काढायची नसते, तीच रस्सा बांधते. शाकाहारी गम्बो घरी चांगला होतो. अर्धी वाटी तेल आणि अर्धी वाटी मैदा मंद आचेवर सतत ढवळत चॉकलेटी रंगापर्यंत भाजा, याला रू म्हणतात. लाडवाचं बेसन भाजताना जशी नजर हलवता येत नाही, तसंच इथे, आणि काळे ठिपके दिसले तर ते टाकून नव्याने करावं लागतं. त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची परता, लसूण, थाइम, तमालपत्र, लाल तिखट घाला, भाज्यांचं गरम पाणी ओता आणि आधी परतलेली किंवा मुरवलेली भेंडी घालून पाऊण तास उकळू द्या. सॉसेजऐवजी मी भाजलेले मशरूम आणि राजमा घालते. सॅसाफ्रास झाडाच्या पानांची पूड, जिला फिले म्हणतात, तीही रस्सा दाट करते. ही चॉक्टॉ या इथल्या मूळनिवासी लोकांची देणगी. भेंडी असलेल्या गम्बोत सहसा ती घालत नाहीत, दोन्ही एकत्र आले की रस्सा फार चिकट, तारेचा होतो. मासे खाणाऱ्यांसाठी सांगते, कोळंबी-भेंडीचा गम्बो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला गोव्यातलं कोळंबी-भेंडीचं हुमण आठवलं. तिथे बिंबलं नाहीतर सोलं घालून तार आवरतात, इथे रू आणि टोमॅटो. जोडी तीच.

आता कॉलर्ड. चामड्यासारखा लागला याची कारणं दोन असू शकतात : तुम्ही तो उन्हाळ्यात आणलात, आणि पालकासारखा परतलात. कॉलर्ड हा थंडीतला पाला. दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडून गेल्यावर, शक्यतो नोव्हेंबरनंतर घ्या, तेव्हा पानात गोडवा उतरतो. ऑगस्टमधलं पान जाड आणि कडसर असतं. मिळालाच तर जास्त वेळ शिजवायचा एवढंच. पानांच्या मधला जाड देठ काढून टाका, पानं एकावर एक रचून गुंडाळी करा आणि बोटभर रुंद पट्ट्या चिरा. धुताना मोठ्या पातेल्यात पाणी भरून पाला बुडवा, हाताने वर उचलून घ्या आणि खाली वाळू राहते ते पाणी फेका. तळाला वाळू दिसेनाशी होईपर्यंत हे करा. पाणी पाल्यावरून ओतलं की वाळू परत पानांत जाते.

इथे तो डुकराच्या खारवलेल्या किंवा धुरावलेल्या मांसाबरोबर, हल्ली बऱ्याच घरांत धुरावलेल्या टर्कीबरोबर शिजतो. त्या मांसाकडून पाल्याला तीन गोष्टी मिळतात : मीठ, स्निग्धपणा आणि धुराचा वास. आपल्याला त्या दुसऱ्या वाटेने आणायच्या. शेंगदाण्याचं तेल सढळ घ्या, त्यात भरपूर कांदा लालसर परता, ठेचलेला लसूण, सुक्या मिरचीचे तुकडे आणि एक चमचा स्मोक्ड पॅप्रिका (धुरावलेल्या लाल मिरचीची पूड) घाला. पाला थोडा थोडा टाकून बसू द्या, अर्धा बुडेल इतकं पाणी आणि मीठ घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर पाऊण ते एक तास सोडून द्या. प्रेशर कुकरमध्ये दाब आल्यावर दहा-बारा मिनिटं पुरतात, पण रस तितका मुरत नाही. उतरवताना चमचाभर व्हिनेगर. रंग शेवाळी होईल, तो तसाच असतो. खाली उरलेल्या पाण्याला इथे पॉट लिकर म्हणतात आणि ते कधी ओतून देत नाहीत. कॉर्नब्रेडचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या पावाचा, तुकडा त्यात बुडवून खातात. घरी मी ज्वारीची भाकरी चुरते.

आणि कॉलर्ड आपल्या पद्धतीनेही उत्तम होतो, फक्त अळूच्या जागी समजून करायचा, पालकाच्या जागी नाही. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, चिंच-गूळ आणि बेसन लावून अळूचं फतफतं करतो तसं करा, पाला आधी नीट शिजवून घोटून घ्या. खाज येण्याची भीती नाही. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत अळूवड्या कॉलर्डच्याच होतात. पान उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लवचिक करा, मागची जाड शीर सुरीने तासून सपाट करा, मग नेहमीचं बेसन-चिंच-तिखट-तीळ लावून गुंडाळ्या वीस मिनिटं वाफवा.

याच ओघात एक सांगते. न्यू ऑर्लिन्सला ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी बऱ्याच पालेभाज्या एकत्र घालून गम्बो झेर्ब करतात. लिआ चेस यांच्या डूकी चेस रेस्टॉरंटमुळे तो बेत फार प्रसिद्ध झाला. कॉलर्ड, मोहरीचा पाला, सलगमाचा पाला, पालक, बिटाचा पाला, असं जे मिळेल ते, आणि भाज्यांची संख्या विषम असावी असा संकेत. तिथे त्यात मांसही असतं. पण इतके पाले एकत्र शिजताना बघून ऋषिपंचमीच्या भाजीची आठवण आल्याशिवाय राहत नाही. मी इथे ऋषिपंचमीला अळू मिळालं नाही तर कॉलर्डची कोवळी पानं, आजींसारख्यांच्या परसातली भेंडी, लाल भोपळा आणि कणसाचे तुकडे घालते. ऑगस्ट-सप्टेंबरात या भाज्या इथे मुबलक असतात, त्या दिवसाला शोभतात.

फील्ड पीज म्हणजे आपली ओली चवळीच, जात तीच, वाण वेगळे. जांभळ्या टरफलाच्या ‘पर्पल हल’, दाटीवाटीने बसलेल्या ‘क्राउडर’, बारीक पांढऱ्या ‘लेडी पीज’. ताज्या सोललेल्या असल्या तर भिजवायच्या नाहीत. कांदा, लसूण, तमालपत्र, मीठ घालून पाण्यात तीस-चाळीस मिनिटं मंद शिजवा. पहिल्यांदा गोडा मसाला घालू नका, दाण्याची मूळ चव बघा. नंतर खोबरं-आमसुलाची उसळ हवी तेव्हा करता येईल. माझ्या चर्चमधल्या बायका शेवटच्या दहा मिनिटांत कोवळ्या अख्ख्या भेंड्या या चवळीवर नुसत्या पसरून झाकण ठेवायच्या. भेंडी वाफेवर शिजते, अख्खी असल्याने तार सुटत नाही, आणि चवळीचा रस तिला खालून लागतो. तुमच्या आजींना हे नक्की माहीत असणार. त्यांच्याकडून एकदा करून घ्या, शेजारी उभं राहून.

पिवळ्या स्क्वॉशचं फारसं अवघड नाही. पाणी खूप असतं, म्हणून जाड काप करून लोणी आणि कांद्याबरोबर झाकण न ठेवता पाणी आटेपर्यंत परता, मिरपूड घाला. दोडक्यासारखी चटणी-भाजी करण्याच्या फंदात पडू नका, सालीला तेवढी चव नसते.

शाकाहारी आहात म्हणून बाहेर खाताना एवढं लक्षात ठेवा : हॉटेलात ‘व्हेजिटेबल प्लेट’ मागितली तरी पालेभाज्या, बीन्स आणि चवळी बहुधा मांसाबरोबर शिजलेल्या असतात, कॉर्नब्रेडला बेकनची चरबी लावलेली असू शकते. स्पष्ट शब्दांत विचारा, वाईट कुणाला वाटत नाही. तळलेली भेंडीही विचारूनच घ्या, तेल मांसाच्या तळणाचं असू शकतं.

राहिला पिशवीचा प्रश्न. भेंडी फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेवू नका, ७ अंशांच्या खाली तिच्यावर खड्डे आणि काळे डाग पडतात. कागदी पिशवीत, दाराजवळच्या कप्प्यात ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. स्क्वॉश त्यानंतर वापरा. कॉलर्ड ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर टिकतो. जास्त झाली तर छोट्या अख्ख्या भेंड्या उकळत्या पाण्यात ३ मिनिटं, मोठ्या ४ मिनिटं बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, कोरड्या करून फ्रीझ करा. देठ तासताना पोट उघडू नका, नाहीतर उकळत्या पाण्यातच तार सुटते.

इथलं भेंडीचं व्हिनेगरमधलं लोणचंही करून बघण्यासारखं आहे, पण ते आपल्या तेल-मिठाच्या लोणच्यासारखं अंदाजाने करू नका. हवाबंद बाटलीत आंबटपणा कमी पडला तर बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, धोका असतो. ५ टक्के आम्लतेचं व्हिनेगर घ्या, पाणी त्याच्या बरोबरीचं, त्याहून जास्त कधी नाही, आणि बाटल्या भरून, झाकण लावून मग उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवा. घरगुती साठवणुकीची तपासलेली प्रमाणं तुमच्याच राज्यात, अथेन्सच्या जॉर्जिया विद्यापीठातल्या नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्व्हेशनमध्ये मिळतात. मीठ, लसूण, शेपूचं बी सगळं तिथल्या मापाने घाला. मोहरी किंवा एखादी सुकी लाल मिरची वाढवायला हरकत नाही, व्हिनेगर मात्र कमी करू नका. बाटली महिनाभर ठेवून मग उघडा, भातावर वरण आणि बाजूला ही भेंडी छान लागते.